मुखत्यारपत्र की खरेदीखत? माओरींच्या १८४०च्या तहाचं भांडण नेमकं काय आहे

१४ नोव्हेंबर २०२४. न्यूझीलंडच्या संसदेत एका विधेयकाच्या पहिल्या वाचनावर मतदान चाललं होतं. देशाचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींच्या पक्षाचं मत सांगायला २२ वर्षांच्या खासदार हाना-राव्हिती मायपी-क्लार्क उभ्या राहिल्या. त्यांनी हातातली विधेयकाची प्रत मधोमध फाडली आणि हाका सुरू केला. हाका म्हणजे पाय आपटत, छाती-मांड्यांवर थाप मारत, डोळे वटारून एकसुरात दिलेलं माओरी आव्हान. विरोधी बाकांवरचे इतर खासदार उठून त्यात मिसळले, गॅलरीतूनही आवाज आला आणि सभापतींना कामकाज थांबवावं लागलं.

तो व्हिडिओ आपल्याकडेही खूप फिरला. मला तो चार-पाच गटांतून आला. त्याखाली कुठे 'काय आवेश आहे!' होतं, कुठे सामन्याआधी हाका करणाऱ्या तिथल्या रग्बी संघाची आठवण होती. फाडलेला कागद कशाचा होता, हे मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. हा लेख त्या कागदाबद्दल आहे, म्हणजे वायतांगीच्या तहाची 'तत्त्वं' कायद्याने ठरवू पाहणाऱ्या विधेयकाबद्दल, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कागदाबद्दल, म्हणजे माओरी आणि इंग्रज यांच्यात १८४० साली झालेल्या त्या तहाबद्दल.

देश केवढा, माणसं किती

न्यूझीलंड क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडं लहान आहे. लोकसंख्या साधारण ५३ लाख, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्यात याहून कितीतरी जास्त माणसं राहतात. २०२३च्या जनगणनेत जवळपास १८ टक्के लोकांनी स्वतःची नोंद माओरी म्हणून केली. माओरींचे पूर्वज तेराव्या शतकाच्या सुमारास पॉलिनेशियातल्या बेटांवरून होड्यांनी महासागर ओलांडून इथे आले. त्याआधी या बेटांवर माणूस नव्हता.

माओरींचा एक राजा नव्हता. आपल्या भावकीसारखे त्यांचे गट असत, त्यांना 'हापू' म्हणतात. प्रत्येक हापूचा प्रमुख म्हणजे 'रांगातिरा'. प्रत्येक हापू आपल्या जमिनीपुरता स्वतंत्र. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१६४२ साली डच दर्यावर्दी टास्मान आणि १७६९ साली इंग्रज कॅप्टन कुक इथे पोचले. त्यांच्यामागून देवमासे मारणारे, लाकूडवाले, मिशनरी येत गेले. तरी १८४० साली तिथे युरोपीय होते जेमतेम दोन हजार आणि माओरी होते ऐंशी हजारांच्या आसपास. ही तुलना महत्त्वाची आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा आपण लढाई हरलो होतो. माओरी हरले नव्हते. त्यांनी तहावर सह्या केल्या त्या आपल्याच घरात, आपल्या बळावर उभं असताना.

मग इंग्रजांना तहाची गरज का पडली?

युरोपीय राष्ट्रांकडे नवी भूमी बळकावण्याची एक जुनी युक्ती होती. ख्रिस्ती राजाच्या माणसाने जी भूमी 'शोधली', ती त्या राजाची, मग तिथे लाखो लोक नांदत असले तरी. १४९३ साली पोपने स्पेनला जे फर्मान दिलं त्याचा पाया हाच होता. इंग्रजांनी ऑस्ट्रेलिया ताब्यात घेताना तिथल्या मूळनिवासींशी एकही तह केला नाही. ती जमीन कुणाचीच नव्हती असं धरून चालले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं ते थेट १९९२ साली. व्हॅटिकनने या 'शोधाच्या सिद्धान्ता'शी जाहीरपणे नातं तोडलं २०२३ मध्ये.

न्यूझीलंडमध्ये ही युक्ती सरळ चालण्यासारखी नव्हती. १८३५ साली उत्तरेकडच्या माओरी प्रमुखांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता आणि ब्रिटिश सरकारने त्याची दखल घेतली होती. दुसरीकडे १८३९ पासून लंडनच्या न्यूझीलंड कंपनीची जहाजं जमिनी घेण्यासाठी निघाली होती, फ्रेंचांचाही डोळा होता आणि किनाऱ्यावरच्या गोऱ्या खलाशांना आवरणारं कुणी नव्हतं. घाई होती आणि संमतीचा कागदही हवा होता.

आठवड्याभरात लिहिलेला तह

राणी व्हिक्टोरियाचे प्रतिनिधी म्हणून विल्यम हॉब्सन २९ जानेवारी १८४० रोजी उतरले. ते आरमारातले अधिकारी, वकील नव्हेत. आधीपासून तिथे असलेले ब्रिटिश प्रतिनिधी जेम्स बझबी यांच्या मदतीने त्यांनी इंग्रजी मसुदा जुळवला. ४ फेब्रुवारीला तो मिशनरी हेन्री विल्यम्स यांच्या हातात पडला. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने, एडवर्डने, रातोरात त्याचं माओरीत भाषांतर केलं.

५ तारखेला वायतांगी इथे, बझबींच्या घरासमोरच्या हिरवळीवर, जहाजाच्या शिडांचा मांडव घालून सभा भरली. दिवसभर खडाजंगी झाली. कित्येक प्रमुखांनी हॉब्सनना तोंडावर सांगितलं की परत जा. ६ तारखेला सह्या सुरू झाल्या. पहिली होने हेके यांची. त्या दिवशी चाळीसहून अधिक प्रमुखांनी सही केली. हॉब्सन प्रत्येकाशी हात मिळवत माओरीत म्हणत होते, 'आता आपण एक लोक आहोत.' सही करणाऱ्याला दोन ब्लँकेटं आणि थोडी तंबाखू मिळाली.

सह्या म्हणजे आपण समजतो तशा नव्हेत. अनेक प्रमुखांनी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणातली एखादी वळणदार रेघ कागदावर काढून दिली. त्या गोंदणात घराणं असतं, कर्तृत्व असतं. एकाचं गोंदण दुसऱ्यासारखं नसतं. माणूस आपला चेहराच त्या कागदावर ठेवत होता.

मग तहाच्या प्रती देशभर फिरल्या आणि एकूण सुमारे ५४० सह्या जमल्या. त्यांतल्या काही बायकांच्याही होत्या. यांपैकी इंग्रजी मजकुराच्या कागदावर सह्या होत्या फक्त ३९. बाकी साऱ्यांनी सही केली ती माओरी मजकुरावर. वायकातो भागातल्या 'ते व्हेरोव्हेरो' ('ते' हा नावाचाच भाग) यांच्यासारख्या मातब्बर प्रमुखांनी सही केलीच नाही. सगळे कागद परत यायच्या आतच, २१ मे १८४० रोजी, हॉब्सननी दोन्ही मोठ्या बेटांवर राणीची सत्ता जाहीर केली. उत्तर बेटावर तहाच्या आधारे, आणि दक्षिण बेटावर? 'शोधा'च्या आधारे. जी युक्ती चालणार नव्हती, ती अशी मागच्या दाराने आत आली.

एका शब्दाचा फरक

आता मुख्य गोष्ट. मुंबईत नोकरी करणारा माणूस गावच्या शेतावर देखरेख ठेवायला कुणाला तरी मुखत्यारपत्र देतो. बांधाची भांडणं तू सोडव, पाण्याची पाळी तू बघ, तलाठ्याकडे तू जा. शेत मात्र त्याचंच असतं. आता कल्पना करा की त्याच्या हातातल्या मराठी कागदावर मुखत्यारपत्र आहे आणि समोरच्याच्या कपाटातल्या इंग्रजी कागदावर खरेदीखत. खाली सह्या एकाच दिवसाच्या.

वायतांगीच्या तहात तीनच कलमं आहेत. पहिल्या कलमाचा इंग्रजी मजकूर म्हणतो की प्रमुखांनी सार्वभौमत्वाचे सर्व हक्क आणि अधिकार राणीला कायमचे देऊन टाकले. माओरी मजकुरात त्या जागी शब्द आहे 'कावानातांगा'. 'गव्हर्नर'चं माओरी उच्चारात 'कावाना' झालं आणि त्याला प्रत्यय लागला. शब्दशः अर्थ 'गव्हर्नरपण', आपल्या भाषेत कारभार. माओरींना हा शब्द मिशनऱ्यांच्या बायबलमधून माहीत होता. तिथे राजाच्या वतीने प्रांत सांभाळणाऱ्या पिलाताला 'कावाना' म्हटलं होतं. सिडनीला जाऊन आलेल्या प्रमुखांनी तिथला गव्हर्नरही पाहिला होता. आपल्या खलाशांना शिस्त लावणारा असा एक अधिकारी इथे आला तर बरंच, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात भोळेपणा नव्हता.

दुसरं कलम याहून बोलकं आहे. इंग्रजीत माओरींना त्यांच्या जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा यांचा ताबा राहील, जोवर त्यांची इच्छा असेल तोवर. माओरी मजकुरात 'तिनो रांगातिरातांगा' राहील, म्हणजे रांगातिराची पूर्ण सत्ता. तीही जमिनींवर, गावांवर आणि जे जे मोलाचं आहे त्या सगळ्यावर. तिसऱ्या कलमाने माओरींना ब्रिटिश प्रजाजनांचे हक्क दिले. त्यावर फारसा वाद नाही.

थोडक्यात, माओरी कागद सांगतो की कारभार राणीचा, सत्ता आमची. इंग्रजी कागद सांगतो की सत्ता राणीची, ताबा तुमचा.

योग्य शब्द सापडला नसेल, असं म्हणायलाही जागा नाही. १८३५च्या जाहीरनाम्यात सत्ता या अर्थी 'माना' हा शब्द वापरला होता, आणि तो जाहीरनामा माओरीत आणणारेही हेच हेन्री विल्यम्स. 'तुमची माना राणीला द्या' असं वायतांगीच्या मांडवात कुणी वाचून दाखवलं असतं, तर प्रमुखांपैकी फारच थोडे पुढे आले असते. विल्यम्सनी हे जाणूनबुजून केलं की एका रात्रीच्या घाईत झालं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला स्वतःला वाटतं, त्यांना सही हवी होती आणि ज्या शब्दाने ती मिळेल तो शब्द त्यांनी निवडला.

एप्रिल १८४० मध्ये काइताइया इथे नोपेरा पानाकारेआओ नावाच्या प्रमुखांनी सही करण्याआधी आपल्या लोकांना तह समजावला. त्यांचं म्हणणं होतं की जमिनीची सावली राणीकडे जाते आहे, जमीन आपल्याकडेच राहते आहे. साधारण वर्षभराने त्यांनी तेच वाक्य उलटं म्हटलं. जमीन राणीकडे गेली, सावली तेवढी आपल्याकडे उरली.

'पण सही तर केलीच होती ना?'

हा प्रश्न न्यूझीलंडमध्येही सर्रास विचारला जातो. मला तो ऐकला की आमच्या घरातला एक कागद आठवतो. माझ्या आजीचा डाव्या हाताचा अंगठा एका हक्कसोडपत्रावर आहे. निळी शाई, जरा तिरपा उमटलेला, खाली कारकुनाच्या अक्षरात तिचं नाव. तिला सांगितलं होतं की बँकेच्या कर्जासाठी सगळ्या वारसांची खूण लागते. माहेरच्या जमिनीतून आपलं नाव गेलं हे तिला कळलं तेव्हा बारा वर्षं उलटली होती. अंगठा खरा होता, तिचाच होता. पण तिने कशाला होकार दिला, याचं उत्तर त्या अंगठ्यात नाही. तिला तोंडी काय सांगितलं, त्यात आहे.

कायद्यालाही हे कळतं. कराराचा मजकूर संदिग्ध असेल तर ज्याने मसुदा लिहिला त्याला संदिग्धतेचा फायदा द्यायचा नाही, हे जुनं तत्त्व आहे. तहाविषयीच्या तक्रारी तपासण्यासाठी न्यूझीलंडमध्ये वायतांगी न्यायाधिकरण आहे. त्याने २०१४ साली निष्कर्ष काढला की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलेलं नव्हतं.

आणि घटकाभर इंग्रजी मजकूरच खरा धरू. तरी त्यात काय लिहिलं आहे? जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा माओरींची इच्छा असेतोवर त्यांच्याच. पुढच्या साठ वर्षांत तेही पाळलं गेलं नाही.

कागदामागून बंदूक

तहाच्या दुसऱ्या कलमात आणखी एक ओळ होती. माओरींना जमीन विकायची झाली तर आधी सरकारलाच विचारायचं. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की गिऱ्हाईक एकच आणि भाव त्याचा. सरकारने स्वस्तात घ्यायचं आणि वसाहतवाल्यांना महाग विकायचं. १८४८ साली दक्षिण बेटावर नाइ ताहू लोकांकडून सव्वा कोटी एकरांहून अधिक जमीन २,००० पौंडांना घेतली गेली. त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या जागांची आणि अन्न गोळा करण्याच्या ठिकाणांची वचनं कागदावरच राहिली. त्याच १८४८ साली इकडे दत्तक वारस नामंजूर करून साताऱ्याचं राज्य खालसा झालं. तिकडे खरेदी, इकडे वारसाहक्क. दोन्हीकडे तलवार म्यानात आणि शाई ओली.

ज्या होने हेकेंनी पहिली सही केली, त्यांनीच १८४४-४५ मध्ये कोरोरारेका इथला ब्रिटिश झेंड्याचा खांब चारदा तोडला. १८५८ पर्यंत गोऱ्यांची संख्या माओरींच्या पुढे गेली. त्याच वर्षी, जमीनविक्री थांबवावी म्हणून, मध्य भागातल्या गटांनी एकत्र येऊन ते व्हेरोव्हेरोंना आपला राजा केलं. सरकारला हे बंड वाटलं. १८६० मध्ये उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या तारानाकीत एका वादग्रस्त खरेदीवरून युद्ध पेटलं. विकणारा दुय्यम होता आणि ज्येष्ठ प्रमुख विरेमु किंगी यांचा ठाम नकार होता, तरी गव्हर्नरने सौदा पुढे रेटला. जुलै १८६३ मध्ये सैन्य वायकातोत घुसलं. त्याच साली कायदा झाला की बंडखोरांची जमीन जप्त. एकट्या वायकातोत सुमारे १२ लाख एकर गेली. जप्तीच्या तडाख्यात न लढलेल्यांच्या जमिनीही आल्या.

माओरींची संख्याही घटत गेली. त्यात साथींचा हात मोठा होता. गोवर, इन्फ्लुएंझा, डांग्या खोकला हे आजार माओरींच्या शरीरांना अनोळखी होते. १८९६च्या जनगणनेत माओरी उरले जवळपास ४२ हजार. म्हणजे पन्नास-साठ वर्षांत निम्मे. ही जमात आता नामशेष होणार, असं तेव्हाचे गोरे सरळ बोलत-लिहीत असत.

दहा नावांचा सातबारा

तरी युद्धापेक्षा खोल घाव केला तो एका न्यायालयाने. महाराष्ट्रातल्या माणसाला हा भाग फार समजावून सांगावा लागणार नाही.

माओरी जमीन कुणा एकाची नसे. ती हापूची. एका कुटुंबाचा रताळ्यांच्या मळ्यावर हक्क, दुसऱ्याचा ओढ्यातल्या ईल माशांवर, तिसऱ्याचा रानातल्या पक्ष्यांवर, तेही ठराविक हंगामात. हे हक्क एकमेकांत गुंतलेले, पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना तोंडपाठ. विकायचं तर साऱ्यांचं एकमत हवं, म्हणून विक्री अवघड. १८६५च्या कायद्याने 'नेटिव्ह लँड कोर्ट' आलं आणि त्याने या जमिनींना इंग्रजी पद्धतीचे मालकीचे दाखले द्यायला सुरुवात केली. एका दाखल्यावर जास्तीत जास्त दहा नावं.

अख्ख्या गावाचं गायरान, देवराई, तळं आणि शेतं मिळून एकच गट आहे, आणि सरकार म्हणतं सातबाऱ्यावर दहाच नावं लागतील, असं समजा. शेकडो लोकांतून दहा निवडले. गावाला वाटलं, ही आपली विश्वस्त मंडळी. कायद्याने मात्र ते दहा जण मालक झाले आणि उरलेल्यांचे हात रिकामे. आता दलालाला गावाची समजूत काढायची गरज नव्हती. दहांपैकी जो कर्जात आहे त्याच्या दारात जाऊन बसलं की पुरे.

कर्जही त्याच व्यवस्थेतून जन्मायचं. दावा लावायचा तर आधी मोजणी, आणि मोजणीचा खर्च दावेदाराच्या माथी. कोर्ट बसायचं दूरच्या गोऱ्यांच्या गावात, आठवडेच्या आठवडे. तिथे तंबू ठोकून राहायचं, दुकानदाराकडून उधारीवर पीठ-साखर घ्यायची. न जावं तर? शेजारच्या गटाने दावा ठोकला आणि तुम्ही हजर नसाल, तर जमीन त्याच्या नावावर. म्हणजे ज्याला विकायचं नव्हतं त्यालाही तिथे जावंच लागे, आणि जाऊन आला की मोजणीवाल्याची आणि दुकानदाराची बिलं भागवायला तुकडा विकावा लागे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखांना हेलपाटे घालून आधी म्हैस आणि मग शेत विकणारा आपला वादी-प्रतिवादी डोळ्यांसमोर आला. लढाईत माणूस शत्रूला ओळखतो. इथे भाऊ भावाविरुद्ध साक्ष देत उभा होता.

आज 'माओरी जमीन' म्हणून उरलेली आहे ती देशाच्या सुमारे ५ टक्के.

पारिहाका

तारानाकीत जप्तीच्या टापूत पारिहाका नावाचं गाव होतं. ते व्हिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही हे तिथले दोन पुढारी. त्यांचा निश्चय होता की हत्यार उचलायचं नाही. १८७९ मध्ये सरकारने जप्त जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा गावची माणसं नांगर घेऊन गेली आणि गोऱ्यांनी बळकावलेल्या कुरणांत नांगरट करू लागली. अटक झाली की दुसरे पुढे. सरकारने रस्त्यासाठी कुंपणं तोडली की हे पुन्हा बांधत. शेकडो जणांना खटला न चालवता दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत पाठवलं गेलं.

५ नोव्हेंबर १८८१ला पहाटे सुमारे १,६०० सशस्त्र माणसं गावावर चालून आली. वाटेत त्यांना भेटली ती गाणी म्हणणारी, उड्या मारणारी लहान मुलं. गावाने पाहुण्यांसाठी पाव भाजून ठेवले होते. मोकळ्या पटांगणात दोन हजारांहून जास्त माणसं गप्प बसून होती. कुणी हात उचलला नाही. सैन्याने ते व्हिती आणि तोहू यांना पकडून नेलं, लोकांना हाकललं, घरं पाडली, उभी पिकं उद्ध्वस्त केली. गांधीजी तेव्हा पोरबंदर-राजकोटकडे शाळेत जाणारे बारा वर्षांचे होते. सरकारने पारिहाकाची माफी मागितली २०१७ मध्ये.

रद्दी झालेला कागद पुन्हा वर आला

१८७७ साली एका खटल्यात मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी वायतांगीचा तह निव्वळ शून्य ठरवला होता. मूळ कागदांचंही तेच झालं. १९०८ साली ते वेलिंग्टनमधल्या सरकारी इमारतीच्या तळघरात सापडले, ओल लागलेले, उंदरांनी कुरतडलेले. माओरी भाषा बोलली म्हणून मुलांनी शाळेत मार खाल्ला. तो मार खाल्लेल्या आईबापांनी पुढे आपल्या मुलांशी घरात इंग्रजीच बोलायचं ठरवलं.

वारं फिरलं १९७५ मध्ये. देशाच्या उत्तर टोकाजवळून व्हिना कूपर नावाच्या ७९ वर्षांच्या आजी नातीचा हात धरून निघाल्या. जवळपास हजार किलोमीटर चालत मोर्चा वेलिंग्टनच्या संसदेवर पोचला. मागणी एवढीच, की आता एक एकरही जाऊ देणार नाही. त्याच वर्षी वायतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं आणि १९८५ पासून त्याला थेट १८४० पर्यंत मागे जाण्याची मुभा मिळाली. १९८२ मध्ये 'भाषेची घरटी' उघडली, जिथे आज्या-आजोबा बाळांशी फक्त माओरीत बोलत. मायपी-क्लार्क अशाच घरट्यांतून वाढलेल्या पिढीच्या.

१९८७ साली अपील न्यायालयाने म्हटलं की दोन मजकूर जुळत नाहीत, तर तहाची 'तत्त्वं' बघायची. तह ही भागीदारी आहे आणि दोन्ही बाजूंनी सचोटीने वागायला हवं. हे 'तहाची तत्त्वं' शब्द मग अनेक कायद्यांत शिरले. २०२४च्या विधेयकाचा रोख याच शब्दांवर होता.

'आपसात तेही लढतच होते की'

खरं आहे. बंदुका हाती आल्यावर १८१० ते १८३० च्या दशकांत माओरी गटांनी एकमेकांची भीषण कत्तल केली. १८३५ साली तारानाकीकडच्या दोन गटांनी चॅथम बेटांवर जाऊन तिथल्या शांतताप्रिय मोरिओरी लोकांना मारलं, गुलाम केलं. हे झाकण्यात अर्थ नाही, आणि मोरिओरींशीही सरकारने अलीकडे तडजोड केली आहे. पण तह काही चांगल्या वागणुकीचं बक्षीस नव्हता. दोन पक्षांनी केलेला तो करार होता. माझ्या घरात भावाभावांत मारामाऱ्या होतात म्हणून माझ्याशी केलेला करार मोडायची मुभा कुणाला मिळत नाही.

'खापरपणजोबांच्या चुकीचे पैसे आम्ही का भरायचे?'

करार व्यक्तींशी झाला नव्हता, राजसत्तेशी झाला होता, आणि ती राजसत्ता अजून चालू आहे. १८६३च्या कायद्याने जप्त केलेल्या जमिनीवर आज उभं असलेलं शहर, तिचं भाडं, तिची किंमत हे सगळंही वारशानेच आलं. मालमत्ता वारशाने घ्यायची आणि देणं मात्र सोडून द्यायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाटणीत चालत नाही.

भरपाई तरी किती झाली? १९९५ मध्ये वायकातोच्या लोकांना १७ कोटी न्यूझीलंड डॉलर, काही जमीन आणि माफी मिळाली. राणी एलिझाबेथ यांनी स्वतः वेलिंग्टनमध्ये त्या कायद्यावर सही केली. १९९८ मध्ये नाइ ताहूंना तेवढीच रक्कम. गेलेल्या जमिनींच्या मानाने हा फार लहान हिस्सा आहे. २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला, आणि मला सगळ्या तडजोडींत ही जास्त मोलाची वाटते. तिथल्या लोकांना नदीची मालकी नको होती. नदी आपली पूर्वज आहे, हे त्यांना सरकारकडून मान्य करून हवं होतं.

'सगळ्यांना एकच कायदा, यात वाईट काय?'

हा सगळ्यांत वजनदार आक्षेप. २०२४चं विधेयक आणणारे, 'अ‍ॅक्ट' या सत्ताधारी आघाडीतल्या पक्षाचे डेव्हिड सीमोर यांच्या अंगातही माओरी रक्त आहे आणि त्यांची मांडणी ऐकायला सरळ वाटते. राज्य करण्याचा पूर्ण अधिकार सरकारला. माओरी गटांचे १८४० चे हक्क मान्य, पण इतरांहून वेगळे हक्क फक्त तडजोडीच्या कायद्यांत लिहिले असतील तेवढेच. आणि कायद्यापुढे सगळे सारखे.

शेवटच्या ओळीला कोण नाही म्हणेल? खोच पहिल्या दोन ओळींत आहे. तिनो रांगातिरातांगा त्यांतून गायब होतं. एका पक्षाने दुसऱ्याला न विचारता, बहुमताच्या जोरावर करारातल्या शब्दांचा अर्थ ठरवायचा, हे १८४० मध्ये एकदा होऊन गेलं होतं. समानतेचं म्हणाल तर नेटिव्ह लँड कोर्टही कागदोपत्री कुणाचा हक्क हिरावून घेत नव्हतं. आज माओरींचं सरासरी आयुर्मान इतरांहून काही वर्षांनी कमी आहे आणि देशाच्या तुरुंगांतले निम्म्याच्या आसपास कैदी माओरी आहेत. ही दरी वेगळ्या हक्कांमुळे पडलेली नाही.

१९ नोव्हेंबर २०२४ला उत्तर टोकाहून निघालेला मोर्चा संसदेवर पोचला. पोलिसांच्या अंदाजाने ४२ हजार माणसं. विधेयकावर तीन लाखांहून अधिक लेखी निवेदनं आली, बहुतेक विरोधातली. १० एप्रिल २०२५ला ते ११ विरुद्ध ११२ मतांनी पडलं. जूनमध्ये हाका करणाऱ्या मायपी-क्लार्क यांना सात दिवसांसाठी आणि त्यांच्या पक्षाच्या दोन्ही नेत्यांना २१ दिवसांसाठी संसदेतून निलंबित करण्यात आलं.

विधेयक पडलं, पण २०२३ साली सत्तेत आलेल्या आघाडीच्या करारात आणखी एक कलम आहे. ज्या ज्या कायद्यांत 'तहाची तत्त्वं' हे शब्द येतात ते सगळे कायदे तपासायचे आणि ते शब्द बदलायचे किंवा काढून टाकायचे. वायतांगीच्या मांडवात सुरू झालेलं शब्दांचं भांडण आता एकेका कायद्याच्या एकेका ओळीवर लढलं जाणार आहे.